मोटरसायकलची चेन: सफाई आणि वंगण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मोटरसायकलची चेन उघड्यावर असते. धूळ, चिखल, पावसाचं पाणी सगळं तिच्यावर उडतं आणि तरी इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकापर्यंत तीच नेते. तिची निगा घरच्या घरी, अर्ध्या-पाऊण तासात नीट राखता येते. खालची उत्तरं मुख्यतः उघड्या चेनच्या गाड्यांसाठी आहेत. चेनवर पूर्ण कव्हर असेल तर काय वेगळं करायचं, तेही पुढे सांगितलं आहे. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचावा.

इंजिन चालू ठेवून गिअर टाकला की चाक आपोआप फिरतं आणि चेन भराभर पुसून होते. असं केलं तर चालेल ना?

नाही. कधीच करू नका.

मेन स्टँडवर गाडी, पहिला गिअर, चाक फिरतंय आणि खाली कुणीतरी फडकं धरून बसलंय, हे दृश्य सर्रास दिसतं. फडक्याचा एक धागा कडीत अडकला की फडकं स्प्रॉकेटकडे, म्हणजे चेन ज्या दातेरी चाकावर फिरते तिकडे, ओढलं जातं आणि त्याच्यासोबत बोटं. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. चेन आणि दात्यांच्या मध्ये सापडलेलं बोट तुटतं. चाक सावकाश फिरतंय म्हणून जोर कमी असेल असं वाटतं, पण चाकावर सगळ्यात जास्त जोर पहिल्याच गिअरमध्ये येतो.

म्हणून इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, गिअर न्यूट्रल आणि चाक हातानेच फिरवायचं. तेही खालची बाजू पुसताना उलट्या दिशेने. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं तसं फिरवलं, तर चेनची खालची बाजू मागच्या स्प्रॉकेटमध्ये शिरत जाते, म्हणजे हातही तिकडेच ओढला जाणार. चाक उलटं फिरवलं की खालची बाजू त्या स्प्रॉकेटमधून बाहेर पडत जाते. सवय लागेपर्यंत जरा अवघड वाटतं, पण सवय हीच लावा. शेजारी लहान मूल उभं असेल तर त्याला आधी लांब करा. चाक फिरवणारा एक आणि फडकं धरणारा दुसरा, अशी वाटणीही नको. दोघांचा मेळ चुकला की इजा होते.

चेनमध्ये वंगण नेमकं कुठे लागतं?

हे एकदा नीट समजलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

चेनची एक कडी जवळून पाहा. मधोमध पोलादी पिन असते. पिनेवर एक पोकळ नळी बसते, तिला बुश म्हणतात. बुशवर आणखी एक मोकळी फिरणारी नळी असते, ती रोलर. दोन्ही बाजूंना पट्ट्या. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरमध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि मूळ मांडणी आजही तीच आहे.

यात घासणाऱ्या जागा तीन. चेन स्प्रॉकेटवर वळते तेव्हा पिन बुशच्या आत फिरते. रोलर बुशच्या बाहेरून फिरतो. आणि रोलर दात्यांवर टेकतो. वंगण या तीन जागी हवं. पट्टीची बाहेरची, आपल्याला दिसणारी बाजू कशावरच घासत नाही. तिथे गंज धरू नये इतका पातळ थर असला की झालं.

आणि आपण ऑइल टाकतो कुठे? बहुतेक वेळा त्या बाहेरच्या बाजूवर, भरपूर. ते तिथे बसून धूळ गोळा करतं. धूळ आणि ऑइल मिळून जो काळा लगदा होतो तो पॉलिश पेपरसारखं काम करतो. चेन काळीकुट्ट आणि ओली दिसते म्हणून निगा चांगली आहे असं समजू नका. तीच चेन आतून कोरडी असू शकते.

ओ-रिंग चेनमध्ये ग्रीस आधीच भरलेलं असतं. मग वरून ऑइल कशाला?

ओ-रिंग चेनमध्ये पिन आणि बुश यांच्या मधल्या जागेत कारखान्यातच ग्रीस भरतात आणि दोन्ही बाजूंना रबरी रिंगा बसवून ते आत कोंडतात. त्या जागेपर्यंत वरून टाकलेलं ऑइल पोचत नाही आणि पोचायची गरजही नाही. पण उरलेल्या दोन जागा, म्हणजे बुश-रोलर आणि रोलर-दाते, उघड्याच असतात. शिवाय रिंगा कोरड्या पडल्या की पट्ट्यांमध्ये घासून झिजतात, त्यांना चिरा जातात. रिंग गेली की आतलं ग्रीस गेलं, आणि त्या कडीपुरती चेन संपली. ते ग्रीस पुन्हा भरता येत नाही.

माझी चेन ओ-रिंगची आहे की साधी, हे कसं ओळखू?

चेन पुसून वरून पाहा. आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी यांच्या मधल्या फटीत काळ्या रबराची कड दिसली तर ओ-रिंग (किंवा तिचाच सुधारित प्रकार एक्स-रिंग). दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटून असतील तर साधी. फटीत मळ भरलेला असेल तर आधी टूथब्रशने तो काढा, नाहीतर मळच रबर वाटतो.

किती किलोमीटरला करायचं?

गाडीसोबतच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो, तो पहिला. तो साधारणपणे ५०० ते १,००० किमीच्या दरम्यान असतो. साध्या चेनला ५०० च्या जवळ राहा, ओ-रिंगला १,००० पर्यंत जायला हरकत नाही. रोजचा रस्ता कच्चा किंवा धुळीचा असेल तर ३०० ला एकदा हात फिरवावा. पावसात भिजून आलात किंवा गाडी धुतलीत तर किलोमीटर मोजत बसू नका. चेन पुसा, कोरडी होऊ द्या आणि त्याच दिवशी ऑइल करा.

ऑइल करणं आणि रॉकेलने धुणं ही दोन वेगळी कामं आहेत. दर वेळी धुवायची गरज नसते. माझा शिरस्ता असा: दोन वेळा नुसतं कोरड्या फडक्याने पुसून ऑइल, तिसऱ्या वेळी धुऊन ऑइल. चिखलातून आलो तर मात्र धुणं लगेच.

धुवायला काय वापरू? रॉकेल, डिझेल, पेट्रोल की साबणाचं पाणी?

रॉकेल. ते जुनं वंगण विरघळवतं आणि ओ-रिंगच्या रबराला त्रास देत नाही. मात्र चेन त्यात भिजत ठेवायची नाही. ब्रशने लावायचं, घासायचं आणि पुसून काढायचं.

रॉकेल मिळत नसेल तर चेन क्लीनरचा स्प्रे घ्या, पण डब्यावर ओ-रिंगला चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. डिझेलनेही मळ निघतो, पण ते लवकर वाळत नाही आणि त्याचा तेलकट थर राहतो. वापरलंच तर नंतर जास्त वेळ पुसा.

पेट्रोल अजिबात नको. एक तर ते रबर फुगवतं आणि खराब करतं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे कुठल्याही हवामानात ठिणगीची वाट पाहत असते. रॉकेलसाठी हा आकडा साधारण ३८ अंशांच्या पुढे आहे. त्यामुळे रॉकेल तुलनेने सुरक्षित, तरी गरम सायलेन्सरजवळ ते उडवू नका आणि काम करताना विडी-सिगारेट नको. थिनर आणि ॲसिटोन यांनाही पेट्रोलच्याच रांगेत बसवा.

साबणाच्या पाण्याने वरचा चिखल निघतो, आतला चिकट मळ निघत नाही. शिवाय नंतर चेन पूर्ण सुकवावी लागते.

तारेच्या ब्रशने घासलं तर?

तारा रिंगा फाडतात. नायलॉनचा ब्रश किंवा जुना टूथब्रश वापरा. तीन बाजूंनी एकदम घासणारा चेन ब्रश मिळतो, तो घेतला तर काम निम्म्या वेळात होतं.

सर्व्हिसिंगला प्रेशरच्या पाण्याने चेन चकाचक करून देतात. ते बरोबर आहे का?

जोराची धार थेट चेनवर नको. ती रिंगांच्या कडेतून पाणी आणि बारीक कण आत ढकलते आणि आतलं ग्रीस बाहेर काढते. तोच धोका चाकाच्या बेअरिंगलाही आहे. धुवायला गाडी देताना तसं सांगून ठेवा. आणि धुऊन मिळालेली चेन कोरडी असते, तिला ऑइल केलंय का ते बोट लावून पाहा.

एकदा सगळी कृती सुरुवातीपासून सांगाल का?

गाडी थोडी फिरवून आणा, पाच-दहा मिनिटं. कोमट चेनवरचा मळ लवकर सुटतो. मग सपाट जागी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद, किल्ली खिशात, न्यूट्रल. सायलेन्सर थंड होऊ द्या. चेनखाली पुठ्ठा किंवा जुना कागद पसरा, आणि चेन व टायर यांच्या मध्येही एक पुठ्ठा उभा धरता येईल असा ठेवा.

सुरुवातीची खूण म्हणून एका कडीवर खडूने रेघ मारा. चेन पूर्ण फिरली की नाही हे त्याशिवाय कळत नाही, आणि अर्धी चेन दोनदा, अर्धी एकदाही नाही असं होतं.

आधी कोरड्या ब्रशने सुटी माती झटका. मग ब्रश रॉकेलमध्ये बुडवून चेनच्या चारही बाजू घासा. वरची, खालची, बाहेरची सगळेच घासतात. आतली, चाकाकडची बाजू राहून जाते, आणि मळ सगळ्यात जास्त तिथेच असतो. मागच्या स्प्रॉकेटचे दाते आणि दात्यांच्या बुडाशी साचलेला लगदाही काढा. पाचेक मिनिटं थांबा, पुन्हा एकदा घासा आणि मग फडक्याने पुसायला लागा. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत बदलत राहा. यानंतर चेन पूर्ण कोरडी झाली पाहिजे. रॉकेल ओलं असताना वर ऑइल टाकलं तर ते पातळ होऊन गळून जातं.

आता ऑइल. ते चेनच्या खालच्या बाजूला, आतल्या अंगाने टाका, म्हणजे जी बाजू दात्यांवर बसते तिथे. चेन फिरते तेव्हा स्प्रॉकेटवरच्या वळणावर वंगण बाहेरच्या दिशेने फेकलं जातं. आतून टाकलेलं ऑइल त्या जोराने कड्यांमधून बाहेर येताना रोलर आणि रिंगांपर्यंत पोचतं. बाहेरून टाकलेलं सरळ उडून जातं. चाक हाताने हळूहळू फिरवत आधी आतल्या पट्ट्यांच्या जोडावर एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, आणि शेवटी रोलरवर, असे तीन फेरे करा.

ऑइल मुरायला वेळ द्या. निदान अर्धा तास, शक्य असेल तर रात्रभर. म्हणून मी हे काम संध्याकाळी करतो.

आणि मग पुसा. बाहेरचं जेवढं ऑइल फडक्याला येईल तेवढं येऊ द्या. ऑइल टाकल्यावर पुसायला सांगितलं की लोक चक्रावतात, पण सगळ्या कृतीत हीच पायरी वगळली जाते आणि हिच्याचमुळे चेन पुढचे काही दिवस स्वच्छ राहते. आत मुरलेलं पुसून निघत नाही, वरचं निघतं, आणि वरचं काढायचंच असतं.

माझ्या गाडीला मेन स्टँड नाही.

मागचं चाक उचलणारा पॅडॉक स्टँड घ्या. तोही नसेल तर गाडी साइड स्टँडवर लावून समोर दिसणारा चेनचा भाग साफ करा, मग गाडी दोन-तीन फूट पुढे ढकला, पुढचा भाग करा. चार-पाच वेळा ढकलावी लागते, वेळ जातो, पण काम तितकंच चांगलं होतं. विटा किंवा लाकडी ठोकळे लावून चाक अधांतरी करण्याचा प्रकार करू नका. गाडी अंगावर येते.

वंगण कोणतं घ्यावं?

मुख्य पर्याय तीन आहेत.

गिअर ऑइल, एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९० दर्जाचं (हे ऑइलच्या घट्टपणाचे क्रमांक). अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत हेच सुचवलेलं असतं. आत छान मुरतं, एक बाटली पुष्कळ दिवस पुरते. तोटा एवढाच की ते उडतं, म्हणून पुसणं चुकवता येत नाही आणि फेरी लवकर करावी लागते.

चेन ल्यूबचा स्प्रे. डब्यात ते पातळ असतं, कारण त्यात उडून जाणारा द्रव मिसळलेला असतो. फवारल्यावर ते कडीत शिरतं, द्रव उडून जातो आणि मागे चिकट वंगण राहतं. म्हणूनच स्प्रे मारून लगेच निघालात तर ते अजून पातळ असतानाच उडून रिमवर बसतं. डबा वापरण्याआधी नीट हलवा.

मेणाचे किंवा पीटीएफईचे (म्हणजे टेफ्लॉनचे) कोरडे प्रकार. यांच्यावर धूळ कमी बसते, त्यामुळे धुळीच्या रस्त्यांना बरे. पाण्यात मात्र लवकर धुऊन जातात.

माझं मत विचाराल तर साध्या चेनला गिअर ऑइल, ओ-रिंगला चांगला स्प्रे. पण खरं सांगायचं तर कोणतं घ्यायचं यावर जितका वाद होतो तितका फरक पडत नाही. वेळच्या वेळी केलेलं साधं गिअर ऑइल, सहा महिन्यांतून एकदा मारलेल्या महागड्या स्प्रेपेक्षा चेन जास्त टिकवतं.

घरात इंजिन ऑइल उरलंय, ते चालेल? आणि इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल?

नवीन इंजिन ऑइल अडीअडचणीला चालतं. पातळ असल्यामुळे लवकर उडून जाईल, इतकंच. जळकं ऑइल मात्र टाकू नका. त्यात काजळी, धातूचे बारीक कण आणि आम्ल साचलेलं असतं. जे इंजिनातून काढून टाकायचं म्हणून काढलं, तेच चेनच्या बुशमध्ये कशाला घालायचं? शिवाय ते कातडीलाही वाईट.

ग्रीस लावलं तर जास्त दिवस टिकेल ना?

बाहेर टिकेल, आत शिरणार नाही. घट्ट ग्रीस बुश आणि रोलरच्या फटीत जात नाही. पट्ट्यांवर थर करून बसतं आणि त्यात रस्त्यावरची सगळी वाळू रुतते.

डब्ल्यूडी-४० मारलं तर?

नावातच उत्तर आहे. पाणी हटवणारं मिश्रण, चाळिसावा प्रयत्न, असा त्या नावाचा अर्थ. ओली चेन सुकवायला, गंज सोडवायला ते कामाचं आहे. पण त्याचा थर फार पातळ असतो, चेनवरचा भार त्याला पेलत नाही. मारलंत तर पुसून वर खरं वंगण लावा. त्याच नावाने चेनसाठी वेगळं ल्यूबही येतं. डब्यावरचं वाचून घ्या, दोन्ही एक नव्हेत.

ऑइल किती लागतं?

वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. ११० कड्यांची चेन धरा. प्रत्येक कडीला दोन्ही बाजूंना एकेक थेंब म्हणजे २२० थेंब. एक थेंब साधारण ०.०५ मिली धरला तर झाले ११ मिली, दोन छोटे चमचे. यापुढचं सगळं रिमवर, नंबर प्लेटवर आणि मागे बसणाऱ्याच्या कपड्यांवर जातं. बारीक तोंडाची बाटली किंवा सुई काढलेली सिरिंज वापरली की हात आपोआप आवरता राहतो.

टायरवर ऑइल उडालं, काय करू?

गाडी काढू नका. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर ऑइल असेल तर पहिल्याच वळणावर चाक सरकतं. साबणाच्या पाण्याने घासून धुवा, पुसा, पुन्हा पाहा. मागे डिस्क ब्रेक असेल आणि डिस्कवर ऑइल गेलं असेल तर ब्रेक क्लीनरने डिस्क साफ करा. पॅड ऑइलने भिजले असतील तर ते बदलणंच योग्य. मग हळू वेगात, मोकळ्या जागी ब्रेक दोन-तीनदा दाबून खात्री करून घ्या.

माझ्या गाडीला पूर्ण चेन कव्हर आहे. मग धूळ जातच नसेल ना?

कमी जाते, पण जाते. आणि गेलेली बाहेर येत नाही. कव्हरच्या तळाशी चिखल आणि ऑइलचा थर साचतो आणि चेन त्यातून फिरत राहते. कव्हरला एक रबरी बूच असतं. ते काढून, चाक हाताने फिरवत ऑइल टाकता येतं, चेनचा ढीलही पाहता येतो. पण वर्षातून एक-दोनदा कव्हर पूर्ण खोलून आतून साफ करायलाच हवं. बुचातून नुसतं ऑइल ओतत राहणं ही त्या चेनची सगळ्यात वाईट निगा आहे.

नवीन चेनवर चिकट थर आहे. तो धुऊन टाकू का?

राहू द्या. तो गंज धरू नये म्हणून आणि सुरुवातीच्या चालीसाठी दिलेला असतो. बाहेरचा फार चिकट वाटला तर कोरड्या फडक्याने पुसा. पहिलं ऑइल नेहमीच्या अंतरावर करा.

चेनला ढील किती ठेवावा?

आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरून वर-खाली होणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. रस्त्यावरच्या अनेक गाड्यांना तो २० ते ३५ मिमीच्या दरम्यान असतो, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त. दोन स्प्रॉकेटच्या मधोमध, खालच्या बाजूला चेन बोटाने वर ढकला, मग खाली ओढा. या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे ढील. गाडी कोणत्या स्टँडवर लावून मोजायचा तेही पुस्तिकेत दिलेलं असतं, कारण त्याने आकडा बदलतो.

ढील मुळात लागतो कशासाठी, ते पाहा. स्विंगआर्म ज्या खिळीवर वर-खाली होतो ती खीळ आणि पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य एका जागी नसतात. त्यामुळे सस्पेन्शन दबतं तसं दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, खीळ आणि मागचा एक्सल (चाकाचा आस) एका सरळ रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. स्टँडवर घट्ट बसवलेल्या चेनला त्या क्षणी द्यायला काहीच उरत नाही. मग तो ताण जातो गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर, चाकाच्या बेअरिंगवर आणि खुद्द चेनवर.

मी स्वतः सुरुवातीला ही चूक केली आहे. खडखड बंद व्हावी म्हणून चेन ताणून बसवली. स्टँडवर हाताला ठीक लागली. मागे माणूस बसला की गाडी खड्ड्यात विचित्र कडक वाटायची, पण त्याचा संबंध चेनशी असेल हे लक्षातच आलं नाही. काही महिन्यांत मागच्या चाकाचं बेअरिंग घुमायला लागलं. तेव्हापासून शंका आली तर दोन मिलिमीटर सैल ठेवतो, घट्ट नाही. अर्थात फार सैलही वाईट. चेन उतरते, आणि चालत्या गाडीत उतरलेली चेन मागचं चाक जाम करू शकते किंवा पुढे गोळा होऊन इंजिनाचं कव्हर फोडू शकते.

ढील कमी-जास्त करताना एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा आणि दोन्हीकडच्या खुणा जुळवा. खुणा जुळल्या नाहीत तर चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे दाते एका अंगाने झिजतात. नट परत आवळल्यावर ढील पुन्हा मोजा, आवळताना तो थोडा बदलतो. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्याने ब्रेकची दांडी ताणली जाते, म्हणून ब्रेकचा खेळही पाहा.

चेन एका जागी घट्ट आणि एका जागी सैल लागते. असं का?

कड्या सारख्या झिजलेल्या नाहीत किंवा काही कड्या जाम झाल्या आहेत. चाक फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि ढील तिथे मोजा. सैल जागी मोजून चेन ताणली तर घट्ट जागा फारच ताणली जाईल. जाम कड्या स्प्रॉकेटवरून उतरताना सरळ न होता वाकलेल्याच राहतात, त्यावरून ओळखू येतात. धुऊन, ऑइल देऊन, हाताने वाकवून मोकळ्या झाल्या तर ठीक. ओ-रिंग चेनच्या कड्या ऑइल देऊनही मोकळ्या झाल्या नाहीत तर आतलं ग्रीस गेलंय, चेन बदलायची तयारी ठेवा.

‘चेन वाढली’ म्हणतात, ती खरंच ताणली जाते का?

पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश आतून झिजतात. प्रत्येक जोडात ०.१ मिमी झीज झाली तर ११० कड्यांत ११ मिमी लांबी वाढते.

मोजायचं असेल तर चेन ताणून धरा आणि पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत, म्हणजे २० कड्यांचं अंतर घ्या. चेनच्या पट्टीवर ४२८, ५२० असा आकडा कोरलेला असतो. त्यातला पहिला अंक दोन पिनांमधलं अंतर एक अष्टमांश इंचांत सांगतो. म्हणजे ४२८ ला चार अष्टमांश, १२.७ मिमी, आणि २० कड्यांचे २५४ मिमी. ५२० ला पाच अष्टमांश, १५.८७५ मिमी, आणि २० कड्यांचे ३१७.५ मिमी. वाढीची मर्यादा बऱ्याच पुस्तिकांत २ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे २५४ चे २५९ झाले की चेन संपली. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा.

मोजपट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून मागे ओढा. ती दात्यावरून उचलली जाऊन अर्धा दाता दिसायला लागला तर बदलायची वेळ झाली.

फक्त चेन बदलली तर चालेल?

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. वाढलेल्या चेनने दातेही तसेच झिजवलेले असतात, एका बाजूला झुकलेले, हुकासारखे. त्यांच्यावर नवीन चेन नीट बसत नाही आणि लवकर जाते.

चेन लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप कोणत्या बाजूला?

क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला. लॉक वरच्या बाजूला असेल तर बंद टोक पुढे, इंजिनाकडे. खालच्या बाजूला असेल तर मागे. उलटी बसवली आणि कशाला अडकली तर निघून जाते. दर वेळी चेन साफ करताना क्लिप जागेवर आहे ना, हे एकदा पाहायचं.

चेनला गंज चढलाय. गेली का?

पट्ट्यांवर नुसता तांबूस रंग असेल तर रॉकेल आणि ब्रशने निघेल. पिनांच्या टोकांपाशी आणि रिंगांच्या कडेने तांबडी पूड बाहेर येत असेल तर गंज आत शिरलाय. अशी चेन ऑइलने काही दिवस गप्प बसते, बरी होत नाही.

ऑइल करूनही चेन आवाज करते.

ढील पाहा, मग जाम कड्या, मग दाते. तिन्ही ठीक असतील तर पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडा. तिथे वर्षानुवर्षांचा मळ कडक होऊन बसलेला असतो आणि चेन त्याला घासत असते. मी पाहिलेल्या कित्येक गाड्यांत हे कव्हर कधी उघडलेलंच नव्हतं. आतला लगदा काडीने खरवडून काढा. शाफ्टच्या सीलजवळ ताजं ऑइल पाझरताना दिसलं तर मेकॅनिकला दाखवा. ते चेनचं नसून गिअरबॉक्समधलं असू शकतं.

गाडी दोन-तीन महिने उभी राहणार आहे.

धुऊन, सुकवून, नेहमीपेक्षा जरा जास्त ऑइल देऊन ठेवा, आणि या वेळी पुसू नका. परत काढताना पुसा, मग चालवा.

वापरलेलं काळं रॉकेल कुठे टाकायचं?

गटारात किंवा मातीत नको. एका बाटलीत भरून, झाकण लावून, नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. काही दिवसांत मळ खाली बसतो. वरचं निवळलेलं रॉकेल दुसऱ्या बाटलीत ओतून पुढच्या वेळी वापरा. तळाचा गाळ, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. उघड्यावर पसरून वाळवा आणि मगच टाका.